चावा बसेपर्यंत

...आणि वर म्हणतात, "सवय होईल, काका." सवय कशाची होईल ते तरी सांगा. माणसाला नव्या जोड्याची सवय होते, नव्या शेजाऱ्याची होते, घोरणाऱ्या बायकोची होते (आमची घोरत नाही, असं तिचं म्हणणं आहे). पण रोज सकाळी उठून आपलंच तोंड आपल्याला परकं लागावं, काल डावीकडची दाढ टेकत होती ती आज टेकत नाही, आज उजवीकडची टेकतेय ती उद्या टेकेल याचा भरवसा नाही, ह्याची सवय कशी करायची? रोज बिऱ्हाड बदलणाऱ्यानं पत्ता पाठ करावा, त्यातलाच प्रकार.

तुम्हाला सांगतो, बावन्न वर्षांचा धान्याचा व्यापारी मी, बाजारात मला चार माणसं मान देतात, आणि माझ्या तोंडात तारा. वर तार, खाली तार, दोन्ही बाजूंना वरून खाली ताणलेली रबरं, आणि मागच्या दाढांवर निळ्या सिमेंटचे दोन टेकू. टेकू कशाला, तर वरचे दात खालच्या तारेवर आपटून ती तुटू नये म्हणून. म्हणजे मी तोंड मिटलं की भेटतात ते फक्त दोन टेकू, आणि बाकी सगळे दात जमिनीचा दावा चाललेले चुलतभाऊ लग्नात समोरासमोर आल्यासारखे नुसते एकमेकांकडे बघत उभे. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, बाई, माझं वरचं खालच्याला लागत नाही. त्या आरशाचा चमचा तोंडातून काढत इतक्या गोड हसल्या, की मला वाटलं आता काहीतरी आनंदाची बातमी देणार. म्हणाल्या, "काका, दात जागा शोधताहेत."

जागा शोधताहेत. बावन्न वर्षं ज्या जागेत राहिले ती काय गळत होती?

आता तुम्ही विचाराल, की ह्या वयात ही अवदसा आठवली कुणाला. मलाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं तोंड दाखवून केलं. जबड्यात टकटक व्हायची, कानाच्या पुढं, जांभई दिली की कडी निघाल्यासारखा आवाज. म्हटलं दाखवून तरी येऊ. तिथं त्या बाईंनी माझ्या दातांचे पांढऱ्या मातीचे साचे काढले, माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाल्या, "बघा, चावा फार खोल आहे. खालचे दात टाळूला लागताहेत आणि समोरचे निम्मे झिजलेत. तुम्ही काही कडक चावता का?"

घ्या. अहो, मी दुसरं करतो काय जन्मभर?

आमच्या धंद्याबाहेरच्यांना हे माहीत नसतं, म्हणून सांगतो. गव्हाचा ढीग समोर आला की रंग सगळेच बघतात, मूठ सगळेच भरतात, वासही घेतात. पण गहू आतून कोरडा आहे की ओल धरून बसलाय हे सांगतो फक्त दात. दाणा दाढेखाली ठेवायचा आणि एकदाच दाबायचा. 'कट्' वाजला तर कोरडा, खुशाल कोठारात भरा, वर्ष काढेल. 'कच्' वाजला तर अजून दोन उन्हं दाखवा. आणि वाजलाच नाही, नुसता चपटा झाला, तर ओला. तो आत घेतला की महिन्याभरात ढीग आतून तापतो, बुरशी धरतो आणि शेजारच्या चांगल्या गव्हालाही घेऊन बुडतो. मी शाळा निम्म्यात सोडली, पुस्तकी विद्या माझ्याकडे नाही, जे शिकलो ते ह्या तीन आवाजांवर शिकलो. मोठ्या पिठाच्या गिरणीचा मालक मला फोनवर फक्त दोन शब्द विचारतो, "चावलास का?" मी म्हणायचं, चावला. संपला विषय. समोरच्या व्यापाऱ्यानं ओल मोजायचं यंत्र आणलं, चिमूटभर दाणे घालायचे की काचेत आकडा येतो. मी हसायचो. म्हणायचो, यंत्राला गहू खायचा थोडाच आहे?

तर बाईंनी विचारल्यावर मी हे सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि इतकंच म्हणाल्या, "असेच झिजत राहिले तर दहा वर्षांनी दाणा ठेवायला दात नसेल." मी व्यापारी माणूस. दीड वर्षाचा त्रास आणि पुढं पंचवीस वर्षांची निश्चिंती, हा सौदा कुणालाही पटेल. मी खुर्चीत मागं टेकलो आणि म्हटलं, लावा तारा. चावा रोज बदलणार, हे त्या तेव्हाही बोलल्या होत्या म्हणतात. बोलल्या असतील. सौदा आवडला की माणसाला अटी ऐकू येत नाहीत, हे मी गिऱ्हाइकांच्या बाबतीत तीस वर्षं पाहत आलोय...

पहिले आठ दिवस मी बटाटा कुस्करून खाल्ला. नंतरचे आठ दिवस दुसरा बटाटा. सफरचंद म्हणजे काय ते मी चित्रात बघायचो. बायकोनं शेवटी माझ्या ताटाशेजारी कात्री ठेवली. हो, कात्री. म्हणाली, "अहो, घास कापून तोंडात टाका, आतली कामं बाहेरच उरकून घ्या." सगळं बोटाच्या पेराएवढं कापायचं, मागं ढकलायचं, त्या दोन टेकूंवर मुसळासारखं कांडायचं, तेवढ्यात गाल मध्ये येणार, गाल चावला की डोळ्यांतून पाणी. जेवायला मला एक तास लागायला लागला. घरातली माणसं जेवून, भांडी घासून, दिवे मालवायला यायची तेव्हा मी अर्ध्यावर असायचो. म्हण आहे ना, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत? माझं त्याहून वाईट. दोन्ही आहेत, पण दोघांची भेट होत नाही.

बरं, एकदा एका गोष्टीशी जुळवून घ्यावं तर तीही टिकत नाही. महिन्याला तार बदलायची. तार बदलली की खालचा जबडा नव्या घरात सोडलेल्या मांजरासारखा हिंडतो, इथं बसू का, तिथं बसू का. मी दुकानात गादीवर बसून तोंड मिटतो, उघडतो, जरा पुढं सरकवून मिटतो, डावीकडून मिटतो, पावसात फुगलेल्या दाराची कडी कोयंड्यात बसवावी तसं. परवा मी असाच जबडा फिरवत होतो तर समोर उभी असलेली एक बाई म्हणाली, "शेठ, मी भाव विचारला, त्यात वेडावण्यासारखं काय आहे?" मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. म्हटलं आज पुढचे दोन दात टेकतायत आणि मागचा सगळा प्रांत मोकळा. त्या म्हणाल्या, "छान. दात जागा शोधताहेत."

माझं सगळं वाईट त्यांच्या वहीत छान असतं.

आणि हे सगळं लपवायचं, हा निराळा छळ. बाजारात कळलं की ह्याचा चावा गेला, तर माझ्याकडे येईल कोण? मी तीन महिने तोंडावर रुमाल धरला आणि सगळ्यांना सांगितलं, तोंड आलंय. चूक झाली. तोंड आलंय म्हटलं की प्रत्येकाकडे औषध असतं. हमाल म्हणाला मध लावा. तोलाऱ्यानं कसल्या कसल्या साली आणून दिल्या. आणि गिरणीमालकाची आई, जी मला आयुष्यात एकदा भेटलीय, तिनं निरोप पाठवला की पोट साफ ठेवायला सांगा त्याला.

आता चावण्याचं काय, म्हणाल. मी चावत होतो. म्हणजे दाणा तोंडात टाकायचो, डोळे मिटायचो, जबडा हलवायचो आणि हातानं जे कळलं ते मोठ्यानं सांगायचो. चार दिवस निभलं, आठ दिवस निभलं, मला वाटलं निभून जाईल. खोट्याचं असंच असतं, आठ दिवस ते खऱ्यापेक्षा बरं चालतं.

मग घुम्या आला.

घुम्या म्हणजे माझा दोस्त. नाव वेगळं आहे, पण तो बोलतच नाही म्हणून सगळे घुम्याच म्हणतात. स्वतःची चांगली जमीन, स्वतःची गाडी, आणि तीस वर्षांत एकही पोतं त्यानं माझ्याशिवाय कुणाकडे उतरवलं नाही. मी बोलतो, तो ऐकतो, अशी आमची मैत्री. माझ्या लग्नाच्या वेळी सगळ्यांनी अर्धा अर्धा तास आशीर्वाद दिले, हा येऊन म्हणाला, "सांभाळ." कुणी कुणाला, तेही सांगितलं नाही. त्याचा गहू मी खरं तर चावायचोच नाही, मानानं दोन दाणे तोंडात टाकायचो इतकंच. पण त्या मंगळवारी अंगणात वीसएक माणसं होती, बाहेरगावचे दोन व्यापारी होते, आणि मला काय बुद्धी सुचली... म्हटलं आज खरंच चावून दाखवू. सोमवारीच तार बदलली होती. उजवीकडे जरा बरं टेकत होतं. दाणा उजव्या दाढेवर ठेवला, दाबला...

काही नाही. आवाज नाही. नुसता चपटा झाल्यासारखा काहीतरी.

दुसरा घेतला. तेच. तिसरा. तेच. आता मी वीस माणसांसमोर तीन दाणे चावून उभा, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि हाताला तर गहू कोरडा लागतोय, अगदी खणखणीत. पण तीस वर्षं मी हातावर विश्वास ठेवलेला नाही, दातावर ठेवलाय. सवय, तुम्हाला सांगतो, सवय. तोंडातून निघून गेलं, "ओला आहे."

घुम्या माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं म्हणेल, पुन्हा बघ. तो वाकला, उघडलेल्या पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं, हमालाला खूण केली, सगळी पोती परत गाडीत चढवली आणि गाडी वळवून रस्त्यापलीकडे समोरच्या व्यापाऱ्याकडे नेली. तिथं यंत्र. समोरच्यानं दाणे घातले, काचेतला आकडा बघितला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पाहुणे, पापडासारखा वाळलाय हो."

मी मागं गोदामात गेलो आणि खिशातला छोटा आरसा काढून दाढ बघितली. निळा टेकू तसाच होता, आणि त्याच्यात रुतलेला गव्हाचा दाणा, अख्खा, न फुटलेला. ते सिमेंट जरा मऊ पडलं होतं, दाणा फुटायच्या ऐवजी त्यात जाऊन बसला होता. बाकी दोन मी गिळलेच असणार. माझ्या तोंडातल्या दातांना जागा मिळत नव्हती, पण गव्हाला बरोबर मिळाली.

दुसऱ्या मंगळवारी घुम्याची गाडी माझ्या दारावरून गेली, थांबली नाही. तिसऱ्या मंगळवारीही तेच. तुम्हाला सांगतो, मी त्या गाडीचा आवाज ओळखतो. मी वजन करत असलो की थांबायचो, गाडी वळेल म्हणून. बोलणारा माणूस भांडून गेला तर परत बोलावता येतो, त्यानं काय काय म्हटलं ते धरून पुढं जाता येतं. हा काही बोललाच नव्हता तर मी धरू काय? घरी बायको म्हणाली, "अहो, जाऊन सांगा की त्यांना खरं." मी म्हटलं, तोंड उघडावं लागेल. ती म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदाच अडचण झालेली दिसतेय."

शेवटी गेलो. शेतावर त्याचं पत्र्याचं शेड आहे, तिथं तो अवजारांना तेल घालत बसला होता. वाटेत मी भाषण तयार केलं होतं, सुरुवात, मध्य, शेवट. समोर उभा राहिलो आणि सगळं विसरलो. मग सरळ रुमाल काढला आणि तोंड उघडलं. आ करून उभा. तो उठला, हात पुसले, उजेडाकडे माझी हनुवटी वळवली आणि बैल विकत घ्यायचा असावा तसं आत बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यात माझं एक रबर तुटलं आणि त्याच्या कपाळावर जाऊन बसलं. त्यानं ते काढलं, बघितलं, माझ्या हातात ठेवलं.

"म्हणजे गहू बरा होता," तो म्हणाला.

"उत्तम होता रे."

"तोंड ओलं होतं."

"तसंच म्हण."

"मला सांगून काय उपयोग? चारचौघांत म्हणालास ओला. चारचौघांत म्हण कोरडा."

मी म्हटलं, म्हणतो, उद्या म्हणतो, छापून लावतो. तो म्हणाला, "चावून म्हण."

मी हात जोडले. म्हटलं, अरे, तेच तर होत नाही, माझे दात... आणि काय सांगू तुम्हाला, माझ्याच तोंडून निघालं, "दात जागा शोधतायत." तो तेलाची बाटली उचलून पुन्हा खाली बसला. "तुझं न चावता बोललेलं," तो म्हणाला, "आजवर कुणी ऐकलंय?" एका भेटीत इतके शब्द मी त्याच्याकडून तीस वर्षांत ऐकले नव्हते. त्यावरूनच मला कळलं, किती लागलं होतं त्याला.

तर पुढचा मंगळवार. सकाळी गाडी आली आणि माझ्या दारात थांबली. अंगणात तीच माणसं, आणखी दहा जास्त, कारण बाजारात बातमीला पाय असतात. समोरचा व्यापारीही दारात खुर्ची टाकून बसला होता. घुम्यानं पहिलं पोतं उघडलं आणि मूठ माझ्यापुढं धरली. मी रुमाल खिशात घातला. कुजबुज झाली, "अगंबाई, तारा," असं कोणीतरी पुरुष म्हणाला. मी म्हटलं, हो, तारा आहेत, मंडळी. त्या दिवशी ह्यांच्यामुळे मी चुकलो. ह्याचा गहू मी ओला म्हणालो, तो ओला नव्हता. आता चावतो.

दाढांवर टेकू, तिथं पुन्हा दाणा रुतणार. पुढचे दात टेकत नाहीत. जीभ फिरवली तर डावीकडं, सुळ्याच्या मागचा एक दात त्या दिवशी कसाबसा खालच्याजवळ येत होता. दाणा तिथं ठेवला. मनात म्हटलं, बाबा रे, जागा शोधायचीय ना, हीच शोध. आणि जीव खाऊन दाबलं.

'कट्.'

असा खणखणीत, की मागच्या रांगेत ऐकू गेला. लोकांनी माना डोलावल्या, कोणीतरी "वाहवा" म्हणालं, समोरच्यानं खुर्ची आत घेतली. मी दाणा जिभेनं शोधला. दाणा शाबूत होता. त्याच्या शेजारी आणखी काहीतरी होतं, बारीक, टोकदार, थंड... दाताला चिकटवलेलं तारेचं ब्रॅकेट उखडून आलं होतं. आवाज त्याचा. मी ते जिभेखाली सारलं, दाणा गिळला आणि छाती पुढं काढून सांगितलं, "कोरडा."

पोती उतरली. माणसं पांगली. वजनं झाल्यावर घुम्या माझ्याशेजारी गादीवर येऊन बसला. मी तिकडं तोंड करून ब्रॅकेट हळूच रुमालात काढत होतो.

"गव्हाचा आवाज नव्हता," तो म्हणाला.

म्हटलं, तुला कसं कळलं?

"तीस वर्षं ऐकतोय तुझा दात."

मग सांगितलं नाहीस का कुणाला, मी विचारलं. तो जरा हसला. उठला, गाडीची किल्ली घेतली, दारापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, "लोकांना आवडला. पुढच्या मंगळवारी दुसरी खेप आणतो. तेव्हाही असाच काढ."

मित्र परत मिळाला, तक्रार नाही माझी. पण तुम्हीच बघा आता. त्याच्या खेपेला चावला, मग दुसऱ्याच्या खेपेला कसं नाही म्हणायचं? बाहेरगावचे दोन व्यापारी तर मुद्दाम येतात, म्हणे तारा लागल्यापासून ह्याचा दात जास्तच बोलतो. पाच मंगळवार झाले, पाच ब्रॅकेटं गेली. दर बुधवारी मी त्या खुर्चीत तोंड वासून पडलेला असतो, आणि डॉक्टरीणबाई मुकाट्यानं एक नवं चिकटवतात. परवा मी विचारलं, बाई, एकदा शेवटचं सांगा, हे दात सरळ होणार कधी, चावा बसणार कधी? ह्या वेळी त्या हसल्या नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत म्हणाल्या, "ते तुम्हीच सांगा काका, गव्हाचा हंगाम संपतो कधी?"